टेस्टरेलमधून एका फोल्डरखालच्या सगळ्या टेस्ट केसेस पोस्टमनने कशा काढायच्या? 412 पैकी 38च येतायत

चहा_आणि_बग
मंडळी डोकं आउट झालंय, जरा मदत करा. आमच्याकडे टेस्टरेल (टेस्ट केसेस लिहून ठेवायचं सॉफ्टवेअर) आहे, क्लाउडवालं. दर शुक्रवारी लीडला पेमेंट फोल्डरमधल्या सगळ्या केसेस एक्सेलमध्ये लागतात, आत्तापर्यंत हाताने एक्सपोर्ट मारायचे पण म्हटलं एपीआय (प्रोग्रामने थेट डेटा मागायची सोय) आहे तर शिकून घेऊ. पोस्टमनमध्ये (एपीआयला रिक्वेस्ट पाठवून बघायचं टूल) गेट केसेसची रिक्वेस्ट लावली, प्रोजेक्ट आयडी, सूट (केसेसचा मोठा संच) आयडी, सेक्शन आयडी सगळं दिलं. आधी 200 ओके (म्हणजे रिक्वेस्ट यशस्वी) आलं म्हणून खूश झाले आणि खाली बघते तर लॉगिन पानाचं एचटीएमएल!! अर्धा दिवस त्यात गेला. ते कसंबसं सुटलं (कसं ते मलाही कळलं नाही) तर आता फक्त 38 केसेस येतात. पेमेंटच्या खाली यूपीआय, कार्ड, रिफंड, वॉलेट असे उपफोल्डर आहेत, त्यांच्या पोटात अजून फोल्डर, सगळं मिळून मी स्क्रीनवर एकेक करत 412 मोजल्यात. परमिशनचा लोचा असेल का? स्क्रीनशॉट जोडलाय.

निवांत_क्यूए
ताई आधी तो स्क्रीनशॉट काढ!! ऑथरायझेशनचं हेडर अख्खं दिसतंय. बेसिकच्या पुढे जी अक्षरांची माळ आहे ती काही कुलूपबंद नसते, बेस 64 उलटं केलं की तुझा ईमेल आणि एपीआय की (पासवर्डसारखीच) दोन्ही बाहेर. माय सेटिंग्जमध्ये जा, ती की उडव, नवी बनव. मग पुढचं वाच.

परमिशन बिरमिशन काही नाही. टेस्टरेल ज्याला सेक्शन म्हणतं तो आपला फोल्डर, आणि सेक्शन आयडी दिला की त्या सेक्शनमध्ये थेट ठेवलेल्या केसेसच येतात, पोटातल्या फोल्डरांच्या येत नाहीत. तुझ्या 38 म्हणजे कोणीतरी पेमेंटमध्येच टाकून दिलेल्या, उपफोल्डरात न लावलेल्या केसेस असणार, उघडून बघ.

मग झाड आपणच जुळवायचं. गेट सेक्शन्स मारलं की सगळे सेक्शन सपाट यादीत येतात, प्रत्येकाला आयडी, पॅरेंट आयडी आणि डेप्थ असते. पेमेंटचा आयडी समजा 71 असेल तर ज्यांचा पॅरेंट 71 ते घे, मग त्यांचे आयडी ज्यांचे पॅरेंट आहेत ते घे, असं खाली खाली जात राहा, नवीन कोणी सापडेना की थांब.

आणि ते लॉगिन पानाचं मी सांगतो. टेस्टरेलच्या पत्त्यात इंडेक्स डॉट पीएचपीनंतर लगेच प्रश्नचिन्ह येतं आणि खरा एपीआयचा रस्ता त्या प्रश्नचिन्हाच्या पुढे असतो. त्यामुळे पोस्टमन त्यालाच पॅरामीटर समजतो आणि पॅराम्सच्या टॅबमध्ये पहिल्या ओळीत काहीतरी कचरा दिसतो. तू ती टिक काढली असशील. टिक गेली की रस्ताच गेला, मग सर्व्हर बिचारा लॉगिन दाखवतो. पुढचे सगळे पॅरामीटर & ने जोडायचे, परत प्रश्नचिन्ह नाही टाकायचं.

चहा_आणि_बग
अगंबाई हो, टिक मीच काढलेली, म्हटलं हे काय मध्येच 😅 की बदलली. सेक्शन मिळाले, पेमेंटखाली 57 निघाले. आता 57 वेळा रिक्वेस्ट मारू का?

हिंजवडी_ट्रॅफिक
57 वेळा कशाला, उलटं कर. सेक्शन आयडी देऊच नकोस, अख्ख्या सूटच्या केसेस आण आणि प्रत्येक केसमध्ये सेक्शन आयडी असतोच, तो तुझ्या 57 मध्ये आहे का एवढं बघून गाळ. किती आहेत सूटमध्ये?

फक्त एक, एका वेळी जास्तीत जास्त 250 मिळतात. उत्तरात ऑफसेट (सुरुवातीच्या किती सोडून पुढच्या द्यायच्या), लिमिट, साइझ आणि लिंक्स येतात, त्यातला नेक्स्ट रिकामा होईपर्यंत ऑफसेट 250 ने वाढवत जायचं. आमच्या जुन्या ऑफिसात कोणीतरी हे केलंच नव्हतं आणि कितीतरी महिने रिपोर्टमध्ये बरोब्बर 250 केसेस दिसायच्या, एकालाही शंका आली नाही! गेट सेक्शन्सलाही हीच मर्यादा आहे हां, फोल्डर वाढले तर तिथेही पानं उलटावी लागतील.

नेटवरून जुनी स्क्रिप्ट उचलशील तर जपून, टेस्टरेल 6.7 च्या आधी थेट यादी यायची, आता ती केसेस नावाच्या फील्डच्या आत असते, त्यामुळे जुना कोड तिथेच आपटतो.

चहा_आणि_बग
सूटमध्ये 1,840 आहेत, म्हणजे 8 कॉल. भारी! पोस्टमनमध्ये लूप लावत बसण्यापेक्षा पायथनमध्येच लिहिलं. पण 409 आल्या, 3 कमी. आणि बऱ्याच केसेसच्या स्टेप्सचा रकाना कोरा आहे. आणि एक्सेलमध्ये मराठी एरर मेसेजेसची पार खिचडी झालीये, आमचं ॲप मराठीतही आहे.

निवांत_क्यूए
कोरा रकाना टेम्प्लेटमुळे. टेक्स्टवाल्या केसमध्ये सगळ्या स्टेप्स कस्टम स्टेप्स या एकाच फील्डमध्ये असतात, स्टेप्सवाल्या टेम्प्लेटमध्ये त्या कस्टम स्टेप्स सेपरेटेडमध्ये, तीही यादी, प्रत्येकीत कंटेंट आणि एक्सपेक्टेड वेगळं. तुमच्याकडे दोन्ही मिसळलेत वाटतं. एक रिकामं असेल तर दुसरं बघ आणि ओळी जोडून एकाच सेलमध्ये टाक. प्रायॉरिटी नुसता आकडा येईल, त्याचं नाव गेट प्रायॉरिटीजमधून.

मराठीसाठी सीएसव्ही लिहिताना एन्कोडिंग यूटीएफ 8 सिग दे, नुसतं यूटीएफ 8 नको. सुरुवातीला एक खूण पडते, तिच्यावरून एक्सेलला कळतं. 3 केसेसचं मात्र तूच शोध, आम्ही काय तुझ्या मशीनवर बसलोय का 😄

चहा_आणि_बग
सापडल्या! रिफंडमधल्या 3 मी मोजताना दोनदा धरल्या होत्या, एपीआयचंच बरोबर होतं. मराठीही नीट दिसतंय आता. शीट पाठवली लीडला, तर म्हणे पीडीएफमध्ये दे.