मदत हवी आहे : अवजड मालट्रकसाठी बायोगॅस दाबाखालील घ्यावा की द्रवरूप?

लांब पल्ल्याच्या मालट्रकसाठी डिझेलऐवजी बायोगॅस वापरण्याचा विचार असून, प्रत्यक्ष अनुभव असलेल्या सदस्यांचे मार्गदर्शन हवे आहे. कच्च्या बायोगॅसमध्ये मिथेन साधारण 50 ते 65 टक्के असतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड आणि गंज आणणारा हायड्रोजन सल्फाइड काढून टाकल्याशिवाय तो वाहनात भरता येत नाही, इथपर्यंत माहिती आहे. खरी अडचण साठवणुकीची आहे. सुमारे 200 बार दाबाचे सिलिंडर जागा अडवतात व वजन वाढवतात. उलट, उणे 162 अंश सेल्सिअसच्या आसपास द्रवरूप केलेला मिथेन थोड्या जागेत मावतो, पण ट्रक बरेच दिवस उभा राहिला तर टाकीतला दाब वाढून वायू बाहेर सोडावा लागू शकतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या 25 पटींहून अधिक असल्याने ही गळती मला किरकोळ वाटत नाही (जाहिरातींत मात्र ती क्वचितच दिसते). तेव्हा फेऱ्या अनियमित असल्यास कोणता पर्याय बरा, आणि प्रकल्पापासून सायलेन्सरपर्यंतची गळती धरून उत्सर्जनातील खरी घट कशी काढावी, हे कृपया सांगावे. कच्चा माल शेण व भाजीपाल्याचा कचरा असेल.