मदत हवी आहे: राजीनामा लिहून देऊ की थांबू?

नमस्कार मंडळी. चाकणला एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, पर्मनंट. दिवाळीपासून ऑर्डरी घटल्यात, तीन शिफ्टची एकच उरलीय. काल एचआरने बोलावून सांगितलं, "स्वतःहून राजीनामा द्या, दोन महिन्यांचा पगार देतो." लेखी काहीच नाही, चहा मात्र पाजला.

मला ४ वर्षं ८ महिने झालेत. ग्रॅच्युइटीला ५ वर्षं लागतात, म्हणजे चारच महिने कमी पडतायत. बेसिक २४ हजार. १५ भागिले २६ च्या हिशेबाने (महिना २६ दिवसांचा धरून दर वर्षाला १५ दिवसांचा पगार) ५ वर्षांचे साधारण ६९ हजार होतात. शेवटच्या वर्षात २४० दिवस भरले तर ५ वर्षं धरतात असं एक सहकारी म्हणतो, एचआर नाही म्हणतं. कुणाला प्रत्यक्ष मिळालीय का?

दुसरं म्हणजे, राजीनामा न देता त्यांनी काढलं, तर पुढच्या मुलाखतीत त्याचा कितपत त्रास होतो? वडील म्हणतात सही करू नकोस. ते एसटीत होते, त्यांचा काळ वेगळा.

सीएमएम मशिन (भागांची अचूक मापं घेणारं) आणि पीपॅपची कागदपत्रं (नवा भाग ग्राहक कंपनीकडून मंजूर करून घेण्याची) मला नीट येतात, पण सगळा अनुभव डिझेल इंजिनाच्या भागांचा आहे. २०१९ च्या मंदीत वाहन उद्योगातून मेडिकल उपकरणं किंवा संरक्षण क्षेत्रात गेलेलं इथे कुणी आहे का? पगार किती कमी घ्यावा लागला?

घराचा हप्ता १८ हजार आहे. सोमवारी उत्तर द्यायचंय.