मोहिमेचं नाव बदलून विश्वास परत मिळत नाही

गिरगावकर: काल इथे एकाने लिहिलं, दहशतवादविरोधी मोहिमेला नवं नाव द्या, लोक पुन्हा सरकारच्या मागे उभे राहतील, अमेरिकेनेही तेच केलं. अहो, पुढचंही सांगा ना! जुलै 2005 मध्ये त्यांचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड ‘दहशतवादाविरुद्धचं युद्ध’ सोडून ‘हिंसक अतिरेकाविरुद्धचा जागतिक लढा’ म्हणायला लागले. ऑगस्ट उजाडताच राष्ट्राध्यक्ष बुश परत ‘युद्ध’च म्हणाले. इराकमधून शवपेट्या येतच होत्या. आपल्याकडेही 2004 मध्ये पोटा हा दहशतवादविरोधी कायदा रद्द केला आणि त्यातली बरीच कलमं यूएपीए या बेकायदा कारवायांविरोधी कायद्यात घातली. पाटी नवी, दुकान तेच.

मीनल ठाणे: साफ चूक. नावाने फरक पडतो. युद्ध म्हटलं की ग्वांतानामो, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवणारा अमेरिकेचा तुरुंग; गुन्हा म्हटलं की पुरावा आणि कोर्ट. लंडनच्या 7 जुलै 2005 च्या स्फोटांत 52 माणसं गेली, तरी तिथले मुख्य सरकारी वकील केन मॅकडोनाल्ड यांनी 2007 मध्ये ठणकावलं की हे युद्ध नाही, मारणारे गुन्हेगार आहेत. कसाबवरही आपण खटलाच चालवला.

विरार फास्ट: नावाचं राहू द्या. आमच्या स्टेशनावर मेटल डिटेक्टरची चौकट आहे. ती पीं पीं करते, कोणी मान वर करत नाही. अर्धी माणसं बाजूच्या फटीतून जातात.

खाकीतला: चौकटीपाशी आठ तास उभं राहून बघा. साडेआठच्या गर्दीत एकाची बॅग उघडली की मागचे शंभर जण शिव्या घालतात. त्यातले तुम्हीही असाल.

विरार फास्ट: मला शिकवू नका. 11 जुलै 2006 ला मुंबईच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले, तेव्हा माझा मेहुणा त्यातल्या एका गाडीत होता. उजव्या कानाने ऐकू येत नाही. भरपाईच्या खिडकीवर त्याला विचारलं, कान आधीपासूनच खराब नव्हता कशावरून? आणि जुलै 2025 मध्ये हायकोर्टाने त्या स्फोटांसाठी दोषी ठरलेल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. मग बॉम्ब ठेवले कोणी?

मीनल ठाणे: मेहुण्यांचं वाचून वाईट वाटलं. पण त्या निकालात कबुलीजबाबच टिकले नाहीत. युद्धाच्या आवेशात तपास केला की असंच होतं, मी हेच सांगतेय.

गिरगावकर: तपासापुरतं मान्य. पण तो खटला मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली, कोर्टातच चालला ना? गुन्हा म्हणूनही तेच झालं.

खाकीतला: आमच्या चौकटीला माणसं वाढवून द्या, मग बोला.

विरार फास्ट: त्याला माझी हरकत नाही. फट तेवढी बुजवा.