मदत हवी आहे: कंबरेची हाडं इतकी बाहेर का दिसतात?

नमस्कार मंडळी. वय 24, उंची पाच फूट तीन इंच, वजन 46 किलो. अंगाने काडी, पण कंबरेची दोन्ही हाडं अशी पुढे आलेली की पालथं झोपलं तर टोचतात. जीन्स कंबरेत ढगळ आणि हाडांवर घट्ट. शाळेत असताना असं नव्हतं. आजी म्हणते, ‘बरंय की, बाळंतपण सोपं जाईल!’ जिममधला ट्रेनर म्हणाला, साइड बेंड मारा, तीन महिन्यांत आत जातील. दीड महिना मारले, ढिम्म फरक नाही. आरशात उजवं हाड जरा वर वाटतं, तो भास असेल. हाडं व्यायामाने आत जातात का हो?

प्रतिसाद १
नाही जात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमच्या हाताला लागतं ते इलियमचं, म्हणजे कंबरेच्या बाजूच्या रुंद हाडाचं पुढचं टोक. तिथून मागे जाते ती त्याची कड. ती सगळ्यांनाच असतात, वर मांस-चरबी कमी असली की उठून दिसतात. तुमचं वजन उंचीच्या मानाने कमीच आहे, ते आणखी उतरवू नका.

रुंदी बरीचशी आईबापांकडून येते. वयात येताना इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे मुलींची श्रोणी, म्हणजे कंबरेच्या हाडांचं कडं, आडवी वाढते, आणि इलियमची कड पूर्ण जुळून यायला विशी उजाडते. म्हणून शाळेत नव्हतं. आजींना सांगा, बाळाची वाट त्या कडांच्या खाली, आतल्या बाजूला असते. बाहेरून रुंद म्हणजे आतून ऐसपैस असं नाही.

उजव्या बाजूचं मात्र भास म्हणून सोडू नका. पाय जुळवून, गुडघे न वाकवता ओणव्या व्हा आणि घरच्या कुणाला मागून पाठ बघायला सांगा. एका बाजूच्या बरगड्या उंच दिसल्या तर पाठीचा कणा बाजूला वळलेला असू शकतो. पायांच्या लांबीतल्या फरकानेही कंबर तिरकी दिसते. दोन्ही गोष्टी हाडांच्या डॉक्टरांना उभ्याने काढलेल्या एक्सरेत कळतात.

प्रतिसाद २
जीन्ससाठी: मापाची घ्यायची ती हाडांच्या, आणि कंबर शिंप्याकडून आत घ्यायची. वीस वर्षं हेच करतेय. कडेवर पोर मात्र झकास बसतं!

धागाकर्ती
ट्रेनरला आजच रामराम. ओणवी होऊन भावाला बघायला सांगितलं. आधी खी खी हसला, मग म्हणाला, ‘ताई, उजवीकडे खरंच उंच आहे गं.’ गुरुवारची वेळ घेतली आहे. एक्सरे झाला की इथेच लिहिते.