साहेब बदलले की उपक्रमही बदलायचा का?

खडूची भुकटी
विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, पण नवा उपक्रम त्याआधीच व्हॉट्सॲपवर उघडलेला असतो. एकोणीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवतोय. पोरानं स्वतः करून शिकायचं, या ज्ञानरचनावादाची लाट आली तेव्हा त्यासाठी गाजलेलं साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, बघायला आम्हीही गेलो होतो. परत आलो आणि तिथल्यासारख्या वर्गाच्या फरश्या अक्षरा-आकड्यांनी रंगवल्या. तिथल्या शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात बसून काय पाहिलं, कशावर वाद घातला, ते कुणी आणलं नाही. रंगाचे डबे तेवढे आणले.
मग 22 जून 2015 चा शासन निर्णय, ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’. 2021 पासून केंद्राचं ‘निपुण भारत’, मुदत 2026-27. दोन्हींचा गाभा एकच: पोराला समजून वाचता यावं, साधं गणित यावं. मग दर वेळी माहिती भरायचे रकाने नवे कशाला? माझं म्हणणं सरळ आहे. एकच धरा, पाच वर्षं सोडू नका, साहेब कोणीही येवो.

संत्र्याची साल
सर, उपक्रम टिकत नाही कारण माणूस टिकत नाही. आमच्या गावच्या शाळेत दोन बाईंनी चार वर्षं खपून पोरं वाचती केली. एका उन्हाळ्यात दोघींचीही बदली. नवे सर भले होते, पण कोणतं पोर कुठं अडतं हे समजायला त्यांना दिवाळी उजाडली. आधी बदल्या थांबवा.

जंगलकाठ
काऊन जी थांबवायच्या? मी सहा वर्षं पेंचच्या जंगलाकाठी काढली. पहिले ज्याची वट, त्याले शहराजवळची शाळा. 2017 च्या धोरणानं बदल्या ऑनलाइन झाल्या म्हणून माह्यासारख्याचा नंबर लागला. तुमच्या पोरांसाठी आम्ही जन्मभर तिथंच राहाचं काय?
खरी गोम दुसरीकडं आहे. बदली झाली की चार्ज देतो आम्ही. कॅशबुक, तांदळाचा साठा, कपाटाच्या चाव्या, सारं मोजून, सही घेऊन. पोरांचा चार्ज कोणी देत नाही, कोणी घेतही नाही. एक दिवस जुना अन् नवा मास्तर एकाच वर्गात बसले असते तर काय बिघडलं असतं?

निवृत्त केंद्रप्रमुख
खडूवाले सर, पाच वर्षं एकच धरायचं म्हणता, पण धरलेलं चुकीचं निघालं तर? ‘शंभर टक्के प्रगत’ म्हणून कळवलेल्या एका शाळेत मी चौथीतल्या मुलीला पाठ्यपुस्तकाबाहेरचा उतारा दिला. ती माझ्याकडे बघत राहिली. पुस्तकातले धडे तोंडपाठ होते तिचे. वर कळवलं, तर उत्तर आलं की आता आकडा बदलता येणार नाही.
आमचं केंद्रप्रमुखाचं पद आसपासच्या शाळांना हात द्यायला होतं. प्रत्यक्षात मी माहिती गोळा करणारा झालो. शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत, शिक्षण परिषदेत, निम्मा वेळ ‘लिंक भरली का’ यात जायचा. शेवटची दोन वर्षं मी एक केलं: प्रत्येकानं कच्च्या मुलांच्या दोन वह्या आणायच्या, सगळ्यांनी त्या पाहायच्या. पहिल्या वेळी सगळे हुशार पोरांच्या वह्या घेऊन आले! चौथ्या-पाचव्या महिन्यात कुठे लोक खरं बोलू लागले. त्याला ना नाव होतं, ना लोगो.

संत्र्याची साल
आणि तुम्ही निवृत्त झाल्यावर?

निवृत्त केंद्रप्रमुख
बंद पडलं.

उमरेड रोड
शाळा व्यवस्थापन समितीवर आहे मी. शिक्षण हक्क कायद्यानं तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या बाया. शाळेचा विकास आराखडाही आम्हीच करायचा. होतं काय, तर इतिवृत्त आधीच लिहिलेलं, ‘ताई, इथं सही करा.’ मास्तर जातात, साहेब जातात, आम्ही तर गावातच राहतो ना? मग त्या वह्या आम्हाला दाखवा.

जंगलकाठ
ताई, राग नका मानू, पण समितीच्या बैठकीत पोषण आहार अन् भिंतीच्या कंपाउंडापुढं गोष्ट जाते कुठं?

उमरेड रोड
कंपाउंडच नसलं तर आधी तेच बोलणार जी. डुकरं वर्गात येतात.

खडूची भुकटी
पाच वर्षांचा हट्ट थोडा सोडतो. सरांच्या त्या मुलीवर मला उत्तर सुचलं नाही. पण दर जूनला नवे रकाने, याला माझा विरोध कायम. जंगलकाठ भाऊंचं मात्र पटलं. माझी बदली यंदा ठरलेली आहे. सत्तावीस पोरं आहेत, एकेकाचं अर्धं पान लिहायला घेतलंय, एक प्रत समितीच्या ताईंकडं ठेवतो. नवे सर वाचतील की नाही, देव जाणे.