नेक्रॉन पुन्हा उठतात हे आधी सांगायला नको का?

रामबागकर:
परवा रविवारी मित्राकडे वॉरहॅमर फोर्टी-के खेळलो, म्हणजे मिनिएचरच्या सैन्यांचा टेबलावरचा, फाशांचा युद्धखेळ. जेवणाच्या टेबलाला प्लायवुड जोडून ६० बाय ४४ इंचांचं मैदान केलं, दोन्हीकडे २,००० पॉइंटांचं सैन्य, नियमांची दहावी आवृत्ती. माझे स्पेस मरीन, म्हणजे चिलखतातले अंतराळ-सैनिक. समोर मित्राचा पुण्याहून आलेला मावसभाऊ, त्याचे नेक्रॉन, म्हणजे धातूचे सांगाडे. इंदुरात आम्ही खेळणारे चौघं, त्यातले तिघं मरीनवाले, त्यामुळे हे सैन्य मी फक्त व्हिडिओत पाहिलेलं.

पहिल्या टर्नला मी गोळीबार त्याच्या वॉरियर सैनिकांच्या तीन युनिटांत, म्हणजे तुकड्यांत, वाटला. दहा-दहाची युनिटं, प्रत्येकात दोन-तीन उरले. मी खूश. मग त्याच्या टर्नच्या सुरुवातीची कमांड फेज संपता संपता त्याने प्रत्येक युनिटासाठी फासा टाकायला घेतला. म्हटलं, हे काय? तर म्हणे, "उठतात ते." बाजूला काढून ठेवलेली सहा मढी परत टेबलावर! पूर्ण संपलेलं युनिट मात्र उठत नाही, हेही तेव्हाच कळलं. आधी माहीत असतं तर सगळ्या बंदुका एकावरच लावल्या नसत्या का?

दुसऱ्या टर्नला माझी लासकॅनन, म्हणजे मोठी लेझर तोफ, त्याच्या सी-तानला (नेक्रॉनांकडचा देव) लागली, त्याचा सेव्ह (बचावाचा फासा) चुकला, डॅमेजच्या फाशावर सहा, अधिक एक म्हणजे सात. मी खुर्चीतून उठलो. तो शांतपणे म्हणाला, "सी-तानवर निम्मं. चार धर." (साडेतीनाचे चार हे त्याचं औदार्य वाटलं होतं. तोही नियमच निघाला.)

माझं मत: अनोळखी सैन्य घेऊन बसणाऱ्याने पाच मिनिटं आधी आपल्या सैन्याची खोड सांगावी. तुम्हाला काय वाटतं?

जिरावण मारके:
सांगू नये. हरलास, शिकलास, आता जन्मभर नेक्रॉनचं युनिट अर्धवट सोडणार नाहीस. तोंडी सांगितलं असतं तर दुसऱ्या टर्नपर्यंत विसरला असतास. शिवाय अनोळखी शत्रूची धास्ती हीच तर मजा आहे. अब्दालीने पानिपतावर भाऊसाहेबांना उंटावरच्या जंबुरका (छोट्या तोफा) आधी मोजून दाखवल्या होत्या का?

छप्पनची चहा:
आलं पानिपत! तिसऱ्या प्रतिसादाची तरी वाट बघायची. अब्दाली लढाईनंतर पोहे खायला थांबणार नव्हता, भिया. आणि भाऊंकडे हेर होते. रामबागकरांकडे कोण होतं?

फासेपारखी:
हेराची गरजच काय? २०२३ साली दहावी आवृत्ती आली तेव्हा सगळ्या सैन्यांचे इंडेक्स, म्हणजे नियमांचे संच, फुकट उतरवून घेता येत होते. सैन्य आपण महिनोन्‌महिने रंगवतो आणि समोरच्याची एक डेटाशीट (युनिटाच्या नियमांचं पान) वाचायला दहा मिनिटं नसतात? पाहुणा काय आणतोय हे शनिवारी फोन करून विचारता आलं असतं. आळसाला तक्रारीचं रूप देऊ नका.

सुदामानगरवाली:
फासेपारखी, दहा मिनिटांत कळतं ते तुम्हाला, कारण तुम्ही सहा वर्षं खेळताय. नवख्याला डेटाशीटवरच्या आठ ओळींपैकी जीव घेणारी ओळ कोणती हे कळत नाही. ते खेळवणाऱ्यालाच माहीत असतं.

मला इथे दोन गोष्टींची सरमिसळ दिसते. माझे वडील होळकर स्टेडियमच्या बाहेरच्या मैदानांवर क्लब क्रिकेटला पंच म्हणून उभे राहायचे. गोलंदाज आला की विचारायचे, उजवा की डावा, ओव्हर की राउंड, आणि ते फलंदाजाला सांगायचे. बाजू बदलायची तर गोलंदाजाने आधी सांगायचं, न सांगता बदलली तर नो-बॉल. क्रिकेटचा कायदाच आहे तो. पण त्याच गोलंदाजाला गुगली टाकणार का, हे कुणी विचारत नाही. हात सांगावा लागतो, चेंडू नाही.

नेक्रॉन उठतात, सी-तानवर डॅमेज निम्मं होतं, हा हात. रिझर्व्हमधलं, म्हणजे मागे राखून ठेवलेलं, युनिट कुठे नि कधी उतरवणार, हा चेंडू. तुमच्या पाहुण्याने चेंडू लपवला असता तर मी त्याच्या बाजूने बोलले असते.

जिरावण मारके:
उदाहरण छान आहे, पण हात डोळ्यांनी दिसतो. नियम मात्र प्रत्येक सैन्याचे पन्नास. पाच मिनिटं म्हणता म्हणता अर्धा तास प्रवचन होईल. जीनस्टीलर कल्टसारखं किचकट सैन्य घेऊन कुणी बसला समोर तर? मग खेळणार कधी, रात्री सराफा उघडल्यावर?

सुदामानगरवाली:
पन्नास नकोत. तीनच सांगायचे: माझे मेलेले परत येतात का, माझं काय अचानक कुठे उगवू शकतं, आणि कोणत्या एका मिनिएचरवर तुझा नेहमीचा हिशेब चालणार नाही. एवढं पोह्यांवर शेव पडेपर्यंत सांगून होतं. थराराचं म्हणाल तर रिझर्व्हमधून उतरून नऊ इंचांचा चार्ज (धावून शत्रूला भिडणं) दोन फाशांवर ३६ पैकी १० वेळाच लागतो. त्यात धडधड कमी आहे का?

फासेपारखी:
तीन प्रश्न पटले. पण विचारायचे कुणी? माझ्या मते ज्याला माहीत नाही त्याने. रामबागकर, तुम्ही एकदा तरी "या सैन्यात विशेष काय?" असं विचारलंत का?

रामबागकर:
नाही. विचारणार होतो. पण पाहुणा समोर, त्याचं सैन्य इतकं सुरेख रंगवलेलं, गंजाचे ओघळसुद्धा काढलेले, आणि माझ्या निम्म्या मरीनना अजून प्रायमरच लागलाय. म्हटलं, वर अडाणी प्रश्न कशाला. "हो हो, नेक्रॉन ना, माहितीये" असंच काहीतरी बोललो.

छप्पनची चहा:
बोंबला! म्हणजे त्याने सांगायचं तरी कसं? तुम्ही तर माहितीये म्हणालात.

जिरावण मारके:
केस बंद. पाहुणा निर्दोष.

सुदामानगरवाली:
अर्धा निर्दोष. पहिल्या टर्नला हा तीन युनिटांवर गोळ्या वाटताना त्याला दिसत होतं ना? तेव्हा "बघ हं, पडलेले उठतील" एवढं म्हणायला काय जात होतं? मी असते तर फासे पडायच्या आधीच म्हटलं असतं.

रामबागकर:
पुढच्या रविवारी तो परत जायच्या आधी एक डाव ठरलाय. या वेळी विचारणार आहे. मरीनना निदान निळा रंग तरी लागतो का बघतो.