‘एक्सहोस्ट +’ नको
निपाणीच्या वाचनालयातल्या सामायिक लिनक्स मशीनवर दुसऱ्या खात्यातून खिडकी उघडत नाही, यावर वर एका दादांनी ‘एक्सहोस्ट +’ (पडद्यावर कुणाला खिडकी उघडू द्यायची ते ठरवणारी आज्ञा, xhost) चालवायला सांगितलंय. कृपा करून तसं करू नका. त्याने पडद्याचा पहाराच उठतो, कुणालाही आत येता येतं. एक्स११ (X11) या खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणेत आत आलेला कुठलाही प्रोग्राम दुसऱ्याच्या खिडकीत टाइप होणारा पासवर्ड वाचू शकतो, आणि तिथे पोरं शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतात हो! एकाच खात्याला वाट द्यायची तर ‘एक्सहोस्ट +एसआय:लोकलयूजर:’ आणि त्याला चिकटून खात्याचं नाव. तेही विश्वासातल्याच खात्याला. बेळगावहून या मशीनला जोडायचं असेल तर एसएसएच, म्हणजे दुरून सुरक्षित जोडणी करणारा प्रोग्राम, ‘एसएसएच -एक्स’ (ssh -X, एक्स मोठ्या लिपीतला) असा वापरा. सर्व्हरवर, म्हणजे ज्या मशीनला जोडताय तिथे, एक्सऑथ (पडद्याच्या परवानगीची किल्ली सांभाळणारा प्रोग्राम, xauth) बसवलेलं आणि एसएसएचच्या सेटिंगमधलं एक्स११फॉरवर्डिंग (X11Forwarding) चालू हवं. डिस्प्लेचं (खिडकी कुठल्या पडद्यावर उघडायची ते सांगणारं DISPLAY) मूल्य हातानं भरू नका, ते एसएसएचच भरतं.